‘आमेन’ म्हणजे पुरे: एका मुलाच्या रविवारांचं प्रकरण

2022 च्या एप्रिलअखेर, ईस्टर होऊन आठवडा झाला होता, तेव्हा वडगाव शेरीहून एक आई माझ्याकडे आली. मुलाची फाईल टेबलावर ठेवली, पण बोलायला सुरुवात केली ती रविवारवरून. “मॅडम, सोमवार ते शनिवार आम्ही कसंबसं निभावतो. रविवारी उपासनेला नेलं की मात्र हा अंगावर धावून येतो, फरशीवर डोकं आपटतो. ईस्टरला तर दोघांनी उचलून बाहेर आणावं लागलं. सासूबाई म्हणतात, देवळात गेल्यावरच होतं, म्हणजे काय ते समजा.” काय समजायचं हे तिने सांगितलं नाही. मी स्वतः चर्चला देऊळच म्हणणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढलेय, त्यामुळे ते सांगायची गरजही पडली नाही.

मुलगा पावणेसहा वर्षांचा. नाव अर्थातच बदललंय. या लेखापुरतं त्याला शमुवेल म्हणू, हाक मारायला शमू. घराची आणि मंडळीची ओळख पटेल अशा खुणाही काढून टाकल्या आहेत. आईवडिलांनी हे लिखाण आधी वाचलं. वडिलांनी एक वाक्य खोडायला लावलं, ते खोडलं. आजींनी वाचायला नकार दिला. “मी होते ना तिथे,” म्हणाल्या.

मी विशेष शिक्षिका आहे. माझ्या कपाटात याहून कितीतरी गुंतागुंतीची प्रकरणं आहेत. हे लिहून काढावंसं वाटलं, कारण यात मुलाला शिकवण्याचा भाग फार थोडा होता आणि जे काही शिकायचं होतं ते बहुतेक मोठ्यांनाच. त्यात मीही आले.

घर

वडील चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीत. आई खाजगी इस्पितळात स्टाफ नर्स, रात्रपाळ्या ठरलेल्या. आजी, म्हणजे वडिलांची आई, मूळच्या नगरच्या. जन्मभर शाळेत शिकवलं, आता गुडघ्यांनी घरात बसवलंय, पण पहाटे साडेचारच्या प्रार्थनेत खंड नाही. लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं. त्या काळात आजींनी बायबलातल्या शमुवेलच्या आईने, हन्नाने, केला तसा नवस केला होता, म्हणून इथे शमुवेल हे नाव घेतलं. नवसाने मिळालेलं मूल वेगळं निघालं की घरात काय काय बोललं जातं याची कल्पना वाचणाऱ्याला असेलच. बाप्तिस्मा उशिरा केला इथपासून आईने गरोदरपणात रात्रपाळ्या केल्या इथपर्यंत सगळं बोलून झालं होतं.

दीड वर्षाचा असताना शमूला चार-पाच शब्द येत होते, ते गेले. नावाने हाक मारली तर वळेना. बोट दाखवून काही मागत नसे. बिस्किटाचा डबा हवा असला की आईचं मनगट धरून तिचा हात झाकणावर नेऊन ठेवी, हत्यार वापरावं तसा. ‘मुलगे उशिराच बोलतात’ यात वर्षभर गेलं. फेब्रुवारी 2020 मध्ये निदान झालं: ऑटिझम. आपल्याकडे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आयएसएए नावाची 40 मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात, त्यात तो ‘मध्यम’ गटात बसला. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली.

फाईलवर ‘स्वमग्नता’ असा शब्द होता. मला तो कधीच आवडला नाही. मूल आपल्यातच गढून गेलंय असं त्यातून वाटतं. शमूच्या बाबतीत नेमकं उलटं होतं, बाहेरचं जग त्याच्यावर नको इतकं येऊन आदळत होतं. पंख्याची घरघर, कॉलरच्या मागचं लेबल, पाहुण्यांचं अत्तर. आवाज, स्पर्श, वास यांचा असा अतिरेकी त्रास हा ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत अधिकृतपणे आला तो 2013 साली, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-5 या निदान-पुस्तिकेत. आयांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. वडगाव शेरीत राहणाऱ्यांना लोहगावच्या सुखोई विमानांची सवय असते. विमान डोक्यावर आलं की वाक्य अर्ध्यात सोडायचं, गेलं की तिथूनच पुढे. शमू विमान आपल्याला ऐकू यायच्या आधी कानांवर हात ठेवून पलंगाखाली गेलेला असे.

एकाच गोष्टीचे दोन अर्थ

रविवारचा त्रास नवा नव्हता. 2019 च्या उन्हाळ्यात, तो तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा सुरू झाला. टाळेबंदीत देवळं बंद झाली, उपासना मोबाईलवर आली आणि रविवार एकदम शांत झाले. नोव्हेंबर 2020 मध्ये पाडव्याला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली, पण दहा वर्षांखालच्या मुलांना घरीच ठेवा अशी सूचना होती. मग दुसरी लाट. शमू पुन्हा देवळाची पायरी चढला तो 2022 च्या फेब्रुवारीत, आणि पहिल्याच रविवारी जुनं सगळं परतलं.

आई नर्स असल्यामुळे तिने हे बरोबर टिपलं होतं: दोन वर्षं देऊळ नाही तर त्रास नाही, देऊळ सुरू तर त्रास सुरू. आजींनीही नेमकं हेच टिपलं होतं. निष्कर्ष मात्र वेगळा. पवित्र जागी गेलं की आतलं जे आहे ते खवळतं. “मार्क नऊ वाचा बाई,” मला म्हणाल्या, म्हणजे बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय. “मुका आत्मा. बापाने लेकराला शिष्यांकडे आणलं, त्यांच्याने झालं नाही.”

त्यांना मूर्खात काढणं सोपं होतं आणि शमूचे वडील ते रोज करत होते. पण खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडेही आजींचं म्हणणं खोडून काढेल असं काही नव्हतं. दोघींची निरीक्षणं एकच होती. देवळात दीड तासात नेमकं कोणत्या मिनिटाला काय होतं हे कुणीच पाहिलं नव्हतं, कारण ते घडत असताना सगळे मुलाला आवरण्यात गुंतलेले असायचे.

म्हणून वही घातली. तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर आपण काय केलं. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी युक्ती. बरेच पालक चार दिवसांत कंटाळतात. शमूचे वडील मात्र वही पाहून सरळ बसले. “हे तर आमचं व्हाय-व्हाय,” म्हणाले. कारखान्यात एखादा भाग नापास झाला की का, मग त्याचं का, असं पाच वेळा विचारत मुळापर्यंत जातात, त्याला ते लोक व्हाय-व्हाय म्हणतात. त्यांनी स्वतःहून चौथा रकाना आखला: वेळ, मिनिटात.

दोन रविवारांच्या नोंदी अशा. आत जाताना शांत. भिंतीवरच्या, त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक लावलेल्या फळ्यासमोर उभा राहून आकडे मोठ्याने वाचतो. फळा बदलेपर्यंत हलत नाही. पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांची भजनं चालली तर डुलतो. तरुण संघाचा गिटार-ड्रम सुरू झाला की कान झाकतो, पण बाकावरून उठत नाही. प्रवचनात बाकाची फळी नखाने खरवडतो. आशीर्वादापर्यंत ठीक. 10 वाजून 10 मिनिटं: वेदीपाशी प्रार्थनेला नेलं. 10 वाजून 11 मिनिटं: सुरुवात.

दुसऱ्या रविवारी हेच, फक्त मिनिटं 10:14 आणि 10:15.

तिसऱ्या रविवारी मी गेले

मागच्या बाकावर बसले. उपासना संपल्यावर आजारी माणसांसाठी वेदीच्या कठड्यापाशी प्रार्थना होते. लोक गुडघे टेकतात, पाळक आणि वडील मंडळी डोक्यावर हात ठेवतात. कुणाची शस्त्रक्रिया असते, कुणाची नोकरी गेलेली. प्रेमाने करतात, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आजी शमूला हाताला धरून पुढे घेऊन गेल्या. मी मोजले, सात जण. सात उजवे हात एका पावणेसहा वर्षांच्या डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर. एका बाईंच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, त्या त्याच्या कानाशी किणकिणत होत्या. सगळे एकदम, मोठ्याने प्रार्थना करत होते.

शमू ओरडला, “आमेन!”

माझ्या शेजारच्या बाकावरून कुणीतरी “प्रभूची स्तुती असो” म्हणालं. ज्या लेकराला धड बोलता येत नाही ते आमेन म्हणतंय! पुढचे आवाज चढले. “आमेन! आमेन! आमेन!” तो किंचाळत होता आणि प्रत्येक आमेनला हात अधिक घट्ट होत होते. मग त्याने खाली बसकण मारली आणि डोकं फरशीवर.

मला तेव्हा एवढंच जाणवलं की तो शब्द तिथे बसत नाहीये. आमेन म्हणतात ते प्रार्थना संपताना, चालू असताना मध्येच कशाला?

उत्तर बुधवारी त्यांच्या घरी मिळालं, आणि ते शोधायलाही लागलं नाही. आई त्याची नखं कापत होती. तिसऱ्या बोटाला तो म्हणाला, “आमेन.” आईने चौथं बोट धरलं. “आमेन, आमेन,” आणि हात ओढून घेतला. मी विचारलं, हा आणखी कुठे कुठे आमेन म्हणतो? आई हसली. “सगळीकडे. दात घासताना, केस विंचरताना. न्हाव्याच्या खुर्चीत तर चालूच असतं. न्हावी मुसलमान आहे, तो म्हणतो पोरगं फार भाविक आहे तुमचं.”

त्या रात्री मी जेवायला थांबले. जेवणाआधी चौघं एकमेकांचे हात धरतात, आजी प्रार्थना करतात, शेवटी सगळे आमेन म्हणतात आणि हात सोडतात. शमू आमेन म्हणताच हात झटकून मोकळा झाला. समोरच घडत होतं. ज्या मुलाला हात धरलेला सोसत नाही, त्याने दोन वर्षांचा असल्यापासून रोज दोन वेळा पाहिलं होतं की या एका शब्दावर माणसं हात सोडतात. त्याच्यापाशी जे मोजके शब्द होते त्यातला हा सगळ्यात कामाचा. त्याने तो उचलला आणि जिथे जिथे धरलं जाईल तिथे तिथे वापरला. ऑटिझम असलेली बरीच मुलं ऐकलेलेच शब्द परत म्हणतात. पूर्वी ती निरर्थक पोपटपंची मानली जाई आणि ती मोडायची असं शिकवलं जाई. 1981 मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्यूकन यांनी अशा बोलण्याच्या चित्रफिती तपासून दाखवलं की त्यातून मुलं मागतात, होकार देतात, संभाषणात आपली पाळी घेतात. शमू नाकारत होता. घरी आमेन म्हटलं की निदान पाच-सहा वेळांतून एकदा तरी नखं कापणं थांबे. वेदीपाशी मात्र जो शब्द सुटका करतो त्याच शब्दाने पकड आवळत होती. मग त्याच्यापाशी डोकं आपटण्याखेरीज काय उरलं?

मी हे बोलले तेव्हा वडील ताटावरून उठून गॅलरीत गेले. आई म्हणाली, “म्हणजे तो तीन वर्षं पुरे पुरे म्हणतोय.” त्या वाक्यावर मी काही बोलले नाही. नंतर बऱ्याच रात्री ते वाक्य आठवून ती रडली आहे, हे तिनेच सांगितलं.

आजी

आजींना पटलं नाही. मी माझ्या परीने हुशारी केली. त्यांचाच मार्क नववा अध्याय उघडला आणि एकविसावं वचन दाखवलं. त्या बापाला येशू आधी विचारतो, हे याला केव्हापासून होतं? बाप सांगतो, बाळपणापासून. आगीत पडतो, पाण्यात पडतो. वर्णन वाचून आजचा कुठलाही डॉक्टर फीट म्हणेल, पण मला तो मुद्दा काढायचा नव्हता. मी म्हटलं, “आजी, प्रभूनेसुद्धा आधी विचारपूस केली. आपण केली का?”

“तुम्ही मला मार्क शिकवू नका,” आजी म्हणाल्या. बरोबरच होतं. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांना वचनं पाठ करून घेतली, त्यांना मी एका वचनात पकडायला निघाले होते.

सुखोईचा दाखला देऊनही पाहिला. विमान आल्यावर कान झाकतो तो कुठल्या आत्म्यामुळे? त्यावर त्यांनी चहा टाकायला सांगितला.

खरा मार्ग पाळकसाहेबांनी काढला. मी त्यांच्याकडे जायला कचरत होते. आपल्याकडे अशा गोष्टी ‘बाहेरून कुणीतरी शिकवायला आली’ या वळणावर जातात. वडिलांची वही आणि माझी टिपणं त्यांनी दोनदा वाचली. मग त्यांनी आंधळ्या बार्तिमयाची आठवण काढली. तो आंधळा आहे हे सगळ्या यरीहोला दिसत होतं, तरी येशूने त्याला विचारलंच, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? “आम्ही या लेकराला विचारलं नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “आणि तो सांगत होता.” त्यांनी आजींना एवढंच सांगितलं की पुढचे सहा रविवार शमूसाठीची प्रार्थना ते स्वतः करतील, वेदीपाशी, पण शमू बाकावर बसलेला असेल आणि कुणी हात लावणार नाही. हात लावल्यानेच प्रार्थना पोचते असं कुठे लिहिलंय? शताधिपतीचा चाकर तर घरीच होता, प्रभूने त्याला दुरूनच बरं केलं.

आजींनी सहा रविवारांना हो म्हटलं. आत्मा असेल तर तो हात न लावताही खवळेल, असं त्यांचं गणित असावं. म्हणजे चाचणीच होती, आणि अटी दोन्ही पक्षांना मान्य. जागा तीच, प्रार्थना तीच, वेळ तीच. बदललं फक्त एक.

मी इथे एक चूक केली. उत्साहाच्या भरात एका गोष्टीऐवजी दोन बदलल्या. ड्रमचा त्रास होतो म्हणून कानांवर घालायचे आवाजरोधक आणून दिले, सगळे देतात तसे. पहिल्या रविवारी त्याने ते घातले आणि दोन मिनिटांत काढून असे भिरकावले की पुढच्या बाकावरच्या काकांचा चष्मा गेला. अर्थात! डोक्यावर दाबून बसणारी पट्टी. ज्या मुलाची मुख्य तक्रार डोक्यावरच्या हातांची, त्याच्या डोक्यावर मी शिकंजा चढवला होता. चष्म्याचे पैसे वडिलांनी भरले, मला भरू दिले नाहीत. मग जागा बदलली: स्पीकरपासून लांब, बाजूच्या दाराजवळचा शेवटून दुसरा बाक, तिथून गीतांचा फळाही दिसतो.

पुढच्या पाच रविवारांत डोकं आपटणं एकदाही नाही. एकदा ड्रम फार झाला तेव्हा तो दाराबाहेर चिंचेखाली जाऊन बसला आणि भजन लागल्यावर परत आला. वडिलांच्या वहीत त्या दिवशी फक्त एवढंच आहे: ‘10:02 बाहेर. 10:09 स्वतः आत.’ ‘स्वतः’ खाली दोन रेघा.

बरा करणं

आता वडिलांबद्दल. स्वतःच्या आईच्या खुळचट समजुतींवर बोट ठेवणारा हा माणूस त्याच वर्षी नोव्हेंबरात गुपचूप एका दवाखान्यात जाऊन स्टेम सेल उपचारांसाठी आगाऊ रक्कम भरून आला होता. कर्ज काढून. तिथे त्याला दाखवलेल्या व्हिडिओंत मुलं ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी होती. मला हे कळलं ते बायकोने पासबुक पाहिलं म्हणून. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही आणि त्यांची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल असं स्पष्ट केलं, ती बातमी मी त्यांच्यापुढे ठेवली. पैसे निम्मे परत मिळाले.

मी त्यांना विचारलं, तुमच्या आईंच्या प्रार्थनेत आणि या इंजेक्शनात फरक काय? ते चिडले. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, “दोघांनाही तो बदलून हवाय.” मला यात भर घालायची नाही. फक्त एवढं नोंदवते की या घरात विज्ञानाच्या बाजूचा आणि श्रद्धेच्या बाजूचा असे दोन पक्ष कधी नव्हतेच. एकच शब्द होता, ‘बरा’, आणि तो दोन ठिकाणी मागितला जात होता. शमूचा ताप बरा होईल, दात बरा होईल. ऑटिझम हा त्याच्या मेंदूच्या घडणीचा भाग आहे. त्याला होणारे त्रास कमी करता येतात, त्याला बोलण्याची साधनं देता येतात, आणि ते कामच पुष्कळ आहे.

आईचं ओझं वेगळं होतं. तिला मुलगा बदलून नको होता, तिला गुन्हेगार हवा होता आणि तो ती स्वतः होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात तसं: पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूचं उत्तर तिला तोंडपाठ होतं, दोघांनीही नाही. पण पाठ असणं आणि पटणं यात अंतर असतं. मी तिला सांगितलं की हा प्रश्न विचारणारे फक्त ते शिष्यच नव्हते. ऑटिझमचं पहिलं नीट वर्णन लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांवरून केलं आणि त्यानंतर दोनेक दशकं मोठमोठे मानसतज्ज्ञ ‘थंड आयांमुळे’ मुलं अशी होतात असं सांगत राहिले. 1977 मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही ऑटिझम असण्याचं प्रमाण वेगळ्या जुळ्यांपेक्षा स्पष्ट जास्त निघालं, आणि गोष्ट आईच्या मायेवरून आनुवंशिकतेवर आली. रात्रपाळीचा संबंध नाही. ती म्हणाली, “मग एवढी शिकलेली माणसंसुद्धा वीस वर्षं चुकत होती?” आणि का कोण जाणे, या गोष्टीने तिला सगळ्यात जास्त हलकं वाटलं.

शब्द कुणी शिकायचा

शास्त्राप्रमाणे मी पुढचं पाऊल ठरवलं होतं: आमेनच्या जागी सगळ्यांना कळेल असा संकेत शिकवायचा. 1985 मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवलेली ही पद्धत: मूल त्रागा करून जे मिळवतं, तेच मिळवायचा सोपा मार्ग त्याच्या हातात दिला की त्रागा ओसरतो. मी लाल हाताचं चित्र असलेलं ‘थांबा’ कार्ड बनवून नेलं.

आईने कार्ड हातात घेतलं. “मॅडम, त्याच्याकडे शब्द आहे. आपल्याला तो माहीत नव्हता. आता झालाय. मग तो का काढून घ्यायचा?”

मी अडखळले. माझ्या वीस वर्षांच्या कामात कुणी हे इतकं सरळ विचारलं नव्हतं. शेवटी असं ठरलं की घरात आमेन म्हणजे पुरे, आणि म्हटलं की हात सुटणार म्हणजे सुटणार, मग एकच बोट राहिलं असलं तरी. कार्ड शाळेसाठी, न्हाव्यासाठी, दंतवैद्यासाठी. हा नियम पाळताना पहिले पंधरा दिवस नखं अर्धवट कापलेली असायची. मग एक दिवस शमूने आमेन म्हटलं, आईने नेलकटर खाली ठेवलं, आणि मिनिटाभराने त्याने दुसरा हात पुढे केला. आपल्या शब्दाला किंमत आहे याची खात्री झाल्यावर त्याला तो कमी लागायला लागला.

नाताळात नवीनच पेच आला. मंडळीत कुणाच्या तरी लक्षात आलं की कुठल्याही गीताची पहिली ओळ म्हटली की शमू क्रमांक सांगतो. ‘देवाने एक दार बंद केलं तर…’ वगैरे सुरू झालं. ‘देवाचं खास लेकरू’. नाताळच्या कार्यक्रमात त्याला स्टेजवर उभं करून क्रमांक विचारायचे असा बेत झाला. वडील खूष. इतकी वर्षं लोक आपल्या मुलाकडे कसे पाहतात हे सोसलेल्या बापाला टाळ्यांचा मोह झाला तर त्याला दोष देता येणार नाही. पण मला ते सात हात आठवले. भूत म्हणून धरलं काय किंवा देवदूत म्हणून उचललं काय, त्याला विचारलंच नव्हतं. आईने पाळकसाहेबांना फोन केला: स्टेज नको, त्याला फळ्यावर आकडे लावायचं काम द्या. ते काम तोवर एक निवृत्त काका करत. 2023 च्या पहिल्या रविवारपासून शमू उपासनेच्या अर्धा तास आधी जातो, काकांबरोबर डब्यातून लाकडी आकडे काढतो, खाचांत बसवतो. काका कमी बोलतात. 6 आणि 9 उलटसुलट लागले तर शमू ते सहन करत नाही, आणि काकांना जवळचं नीट दिसत नाही, त्यामुळे जोडी जमलीय. मध्यंतरी एका रविवारी आकडे कमी पडले तेव्हा त्याने प्रचंड आकांत केला, तोही लिहून ठेवते. सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटू नये.

बाकी

शाळेचं अजून धड नाही. एका शाळेने ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून परत पाठवलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे आणि 6 ते 18 वयापर्यंत शिक्षणाचा हक्क आहे हे तिथल्या बाईंना ठाऊक होतं, त्यांनी मान डोलावली आणि दार उघडून दिलं. दुसऱ्या शाळेत तो जातो, सोबतीला आईने पगारावर ठेवलेली मुलगी असते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंतचा विमा आहे, त्यातून थेरपीचे थोडे पैसे सुटतात, कागद वडील जमवतात. गणपतीत ढोल-ताशांच्या दहा दिवसांत हे कुटुंब नगरला जातं. अठराव्या वर्षी कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागेल, दृढीकरणाच्या, म्हणजे मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या, वेळी प्रश्नांची उत्तरं तो कशी देईल यावर पाळकसाहेब आत्तापासून विचार करतायत. बिशपांचे हात डोक्यावर येणार, तो प्रश्नही आहेच.

आणि आजी. सहा रविवार संपल्यावर त्यांनी हरल्याचं कबूल केलं नाही, मीही विचारलं नाही. नातू बरा व्हावा ही त्यांची प्रार्थना अजून चालू आहे. गेल्या पावसाळ्यात मी रात्री त्यांच्याकडे अडकले होते, नगर रोडवर पाणी भरलं होतं. शमू अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. आजी नेहमीसारख्या त्याच्यासाठी प्रार्थना करायला आल्या, पण आत नाही, चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, हात पदरात गुंडाळलेले. प्रार्थना लांबत गेली. अब्राहाम झाला, याकोब झाला. भिंतीकडून आवाज आला, “आमेन.”

आजी याकोबावरच थांबल्या. “बरं,” म्हणाल्या, आणि दिवा मालवला.